‘ख्रिस्तवासी’ म्हणजे नेमके कुठे?

(रत्नागिरीत तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मित्र-मैत्रिणींनो, मराठी वर्तमानपत्रातले निधनवार्तेचे पान तुम्ही कधी नीट वाचले आहे का? एखादा हिंदू माणूस गेला की बातमीत त्याला ‘कैलासवासी’ किंवा ‘वैकुंठवासी’ म्हणतात. मुसलमान गेला की ‘पैगंबरवासी’ आणि ख्रिस्ती गेला की ‘ख्रिस्तवासी’. मराठीने एक साचा तयार केला आणि त्यात तिन्ही धर्मांचे मुर्दे बसवले. त्यामागे आदरच आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. पण विचार करा. आपल्यापैकी कोणाच्या घरात कोणी वारले तर आपण ‘पैगंबरवासी झाले’ म्हणतो का? आपण म्हणतो इंतिकाल झाला, अल्लाहला प्यारे झाले. इंतिकाल म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे. मेलेला माणूस पैगंबरांच्या ठिकाणी राहायला जातो, असे आपल्या अकीद्यात कुठेही नाही. हा शब्द आपल्याला बाहेरून मिळाला.

‘ख्रिस्तवासी’ची गोष्ट वेगळी आहे. हा शब्द मराठी ख्रिस्ती लोक स्वतःही वापरतात, आणि तो त्यांच्या श्रद्धेला बराचसा लागू पडतो. तो का लागू पडतो, हे समजून घेतले तर मृत्यूनंतर काय होते याबद्दल ख्रिस्ती माणूस काय मानतो, हे आपल्याला कळेल. आजचा विषय तेवढाच आहे.

हा विषय का घेतला, तेही सांगतो. तुमच्यातल्या एका मुलाने मला विचारले होते, “सर, कॉलेजातल्या मित्राचे वडील गेले. कॅथलिक आहेत. मय्यतीला जायचे की नाही? गेलो तर तिथे काय बोलायचे? आणि ते लोक आखिरत मानतात का?” पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शेवटी देतो. तिसऱ्याचे उत्तर आधी द्यायला हवे.

आपल्या जिल्ह्यात ख्रिस्ती लोक थोडे आहेत, पण ते आजकालचे नाहीत. १८२० च्या दशकात स्कॉटिश मिशनरी बाणकोट आणि हर्णैला आले. मुंबईत ज्यांच्या नावाचे कॉलेज आहे ते डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये आले आणि मराठीचे पहिले धडे त्यांनी याच भागात गिरवले. मराठीतले सर्वांत मोठे ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्याच करजगावात जन्मले. दक्षिणेला सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण भागात कॅथलिक वस्ती जुनी आहे. २००५ मध्ये सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन झाला, त्याचे मुख्य ठाणे सावंतवाडीला आहे आणि आपला रत्नागिरी जिल्हाही त्यातच येतो.

हेच विल्सनसाहेब पुढे १८३० च्या दशकात मुंबईत पंडितांशी आणि मुसलमान विद्वानांशी जाहीर व छापील वाद घालत. तो काळ तसाच होता. दोन्हीकडची माणसे जिंकायला बसत. आज मोबाईलवर जे वादविवादाचे व्हिडिओ तुम्ही पाहता, ते त्याच वंशातले. आपल्याला आज कोणाला हरवायचे नाही. शेजाऱ्याच्या घरी शवपेटी ठेवलेली असताना तो मनात काय धरून उभा असतो, एवढेच समजून घ्यायचे आहे.

आता मूळ गोष्टीकडे वळू.

ख्रिस्ती श्रद्धा एका घटनेवर उभी आहे. येशूला शुक्रवारी क्रूसावर खिळले, तो मेला, त्याला खडकात कोरलेल्या कबरीत ठेवले आणि तिसऱ्या दिवशी, रविवारी पहाटे, ती कबर रिकामी सापडली. चारही शुभवर्तमानांत कबरीकडे पहिल्यांदा जाणारी मरिया माग्दालिया आहे, कुठे एकटी, कुठे इतर स्त्रियांसोबत. त्यानंतर येशू शिष्यांना दिसला. पौल नावाचा प्रेषित साधारण इसवी सन ५५ च्या सुमाराला करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहितो. त्यात तो कोणाकोणाला येशू दिसला त्याची यादी देतो आणि एका वेळी पाचशेहून अधिक जणांनी पाहिले असे सांगतो. त्याच पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो स्पष्ट सांगतो की ख्रिस्त उठला नसेल तर आपली श्रद्धा फुकट आहे. म्हणजे ख्रिस्ती माणसासाठी हा श्रद्धेचा एक भाग नाही, पाया आहे. ईस्टरचा सण याच पहाटेचा आहे, आणि धर्मशास्त्राच्या हिशेबात तो नाताळपेक्षा मोठा आहे. आपल्याला नाताळ माहीत असतो, कारण त्या दिवशी केक मिळतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे. उठलेला येशू म्हणजे भूत नव्हे, आत्माही नव्हे, असे शुभवर्तमाने पुन्हा पुन्हा सांगतात. शिष्य घाबरतात, तेव्हा तो त्यांना हातपाय दाखवतो आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यासमोर खातो. दुसऱ्या एका प्रसंगात शिष्यांना रात्रभर गालीलच्या सरोवरात जाळे टाकून काहीच मिळत नाही, आणि पहाटे किनाऱ्यावर येशू निखाऱ्यांवर मासे भाजत बसलेला असतो. मिरकरवाड्याच्या बंदरावर वाढलेल्या पोरांना ही गोष्ट समजावून सांगायला नको. मासा खाणारा माणूस म्हणजे देह असलेला माणूस.

म्हणून ख्रिस्ती आशा ‘आत्मा अमर आहे’ एवढ्यावर थांबत नाही. ती म्हणते, देह पुन्हा उठेल. रविवारच्या उपासनेत ते श्रद्धेची जी कबुली म्हणतात, तिच्यात मृतांच्या पुनरुत्थानाचा स्पष्ट उल्लेख असतो. मराठी बायबलमध्ये शब्द आहे ‘पुनरुत्थान’, पुन्हा उठणे. तो ‘पुनर्जन्म’ नाही. ऐकायला दोन्ही शब्द जवळचे वाटतात, म्हणून लोक गोंधळ करतात. पुनर्जन्मात आत्मा नवा देह घेऊन पुन्हा याच जगात येतो, आणि ते चक्र चालू राहते. पुनरुत्थानात तोच माणूस, एकदाच, देवासमोर उभा राहतो. एक आयुष्य, एक मृत्यू, एक हिशेब. या बाबतीत ख्रिस्ती आणि आपण एकाच बाकावर आहोत.

मराठीत ही गोष्ट सांगण्याची अडचण चारशे वर्षांपूर्वीच एका माणसासमोर आली होती. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि त्यांनी जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले. ते १६१६ मध्ये राचोलला रोमन लिपीत छापले गेले. त्यांचे श्रोते नव्याने ख्रिस्ती झालेले होते, त्यांच्या कानात पुराणांची भाषा होती. मग स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ हाच शब्द घेतला. शब्द जुना, त्यातला अर्थ नवा. आपल्या पूर्वजांनीही असेच केले आहे. मराठी आणि कोकणी बोलणारा मुसलमान ‘स्वर्ग’, ‘नरक’, ‘पाप’, ‘पुण्य’ हे शब्द बिनधास्त वापरतो आणि मनात जन्नत, दोजख, गुनाह, सवाब समजतो. भाषा सगळ्यांची असते. त्यामुळेच एकमेकांचे शब्द ऐकताना आत काय भरले आहे, हे विचारावे लागते.

आता आपल्याकडचा शब्द घ्या, कयामत. रोजच्या बोलण्यात कयामत म्हणजे जगबुडी, हाहाकार. पण अरबीत या शब्दाच्या मुळाशी ‘उभे राहणे’ आहे. कयामत म्हणजे उभे राहण्याचा दिवस. अरब ख्रिस्ती लोक पुनरुत्थानासाठी हाच शब्द वापरतात. उर्दू बायबलमध्येही ‘कयामत’च आहे. जेरुसलेममध्ये येशूची कबर जिथे होती असे मानतात, तिथल्या चर्चचे अरबी नाव ‘कनीसतुल कियामा’ आहे, म्हणजे कयामतीचे चर्च. आणि त्या चर्चच्या दाराची किल्ली कोणाकडे असते? जौदा या मुसलमान घराण्याकडे. दार उघडण्याचे काम नुसैबा या दुसऱ्या मुसलमान घराण्याकडे. हे कित्येक शतकांपासून चालत आले आहे. ख्रिस्ती पंथांचे आपसात जागेवरून वाद होते, म्हणून दाराचा मान तिसऱ्याकडे राहिला. ही घराणी ख्रिस्ती झाली नाहीत, आणि त्यांनी दारही कधी अडवले नाही.

देह पुन्हा कसा उठणार, हा प्रश्न पौलाच्या काळीही लोक विचारत. त्याचे उत्तर शेतकऱ्याचे आहे. तो म्हणतो, पेरलेले बी आणि उगवलेले रोप सारखे दिसत नाहीत, पण ते एकाचेच. नाशवंत पेरले जाते, अविनाशी उगवते. आता आपली सूरह यासीन आठवा. मय्यतीच्या घरी आपण ती पढतो, पण अर्थाकडे किती जणांचे लक्ष असते? त्यात मेलेल्या जमिनीची निशाणी आहे, जिला अल्लाह जिवंत करतो आणि तिच्यातून धान्य काढतो. शेवटाकडे एक माणूस विचारतो, कुजलेल्या हाडांना कोण जिवंत करणार? उत्तर मिळते, ज्याने पहिल्यांदा बनवले तोच. मे महिन्यातला आपला सडा डोळ्यांसमोर आणा, काळा कातळ आणि करपलेले गवत. जूनचा पहिला पाऊस पडल्यावर आठ-दहा दिवसांत तोच सडा हिरवा होतो. दोन्ही धर्मग्रंथ हाच दाखला देतात.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, मग फरक काय? फरक आहे आणि तो मोठा आहे. ‘सगळे धर्म एकच सांगतात’ असे गोड बोलून तो झाकणे मला पसंत नाही. त्यात त्यांचाही अपमान आहे, आपलाही.

पहिला फरक क्रूसाचा. सूरह निसाच्या १५७ आणि १५८ व्या आयतींत कुरआन सांगते की हजरत ईसा (अ.स.) यांना त्यांनी ठार केले नाही, सुळावरही चढवले नाही, तर अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले. बहुसंख्य मुसलमान उलेमा याचा अर्थ असा घेतात की ते जिवंत उचलले गेले आणि कयामतीच्या आधी परत येतील. येशू परत येणार, हे ख्रिस्ती लोकही मानतात. पण आपल्या दृष्टीने त्यांचा मृत्यू अजून झालेलाच नाही, मग तिसऱ्या दिवशी उठण्याचा प्रश्नच येत नाही. सूरह मरियममध्ये ईसा पाळण्यातून बोलतात आणि आपल्या जन्माच्या, मृत्यूच्या आणि पुन्हा जिवंत उठवले जाण्याच्या दिवसावर सलाम सांगतात. आपल्याकडे त्यांचे उठणे पुढे आहे. ख्रिस्ती लोकांकडे ते होऊन गेले आहे.

यातून दुसरा फरक निघतो. आपल्यासाठी कयामत हा एकच दिवस आहे आणि तो पूर्णपणे पुढे आहे. ख्रिस्ती माणसासाठी तो एका माणसाच्या बाबतीत सुरू झाला आहे. पौल येशूला ‘प्रथमफळ’ म्हणतो, म्हणजे हंगामातले पहिले फळ. रत्नागिरीकरांना हे पटकन कळेल. मोसमातली हापूसची पहिली पेटी वाशीच्या बाजारात पोचली की बातमी होते. ती एकच पेटी असते, पण तिच्यावरून सगळ्यांना कळते की मागून हंगाम येतो आहे. येशूचे उठणे त्यांच्यासाठी ती पहिली पेटी आहे. म्हणून कबरीपाशी ते म्हणू शकतात की हाही उठेल, कारण एक जण उठलेला आहे.

तिसरा फरक नजातीचा. आपल्याकडे प्रत्येक जण आपल्या अमलाचा जबाबदार आहे, कोणी दुसऱ्याचे ओझे उचलणार नाही, आणि शेवटी अल्लाहची रहमत. ख्रिस्ती शिकवण म्हणते की येशूने क्रूसावर सर्वांच्या पापांचे प्रायश्चित्त केले आणि तारण ही देवाची कृपा आहे. सत्कर्मांचे स्थान काय यावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात शतकानुशतके वाद झाला आहे, पण मुळात कृपा, हे दोघांनाही मान्य आहे. हे आपल्याला मान्य नसेल. पण शेजारी ते मानतो म्हणून त्याला वाटेल तसे वागायची मुभा मिळते, असे समजू नका. त्यांच्याकडेही हिशेब आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात न्यायाच्या दिवशी विचारलेले प्रश्न असे आहेत: भुकेल्याला जेवू घातले का, उघड्याला कपडे दिले का, आजाऱ्याला भेटलात का. अशाच अर्थाची हदीसे कुदसी सहीह मुस्लिममध्ये आहे, ती काढून वाचा.

आता मृत्यू आणि त्या दिवसाच्या मधला काळ. आपण त्याला बरजख म्हणतो. ख्रिस्ती लोकांत इथे एकमत नाही. कॅथलिक शिकवणीप्रमाणे मरताक्षणी प्रत्येकाचा स्वतंत्र न्याय होतो. आत्मा स्वर्गात किंवा नरकात जातो, किंवा देवाच्या कृपेत मेलेला पण पूर्ण शुद्ध नसलेला आत्मा शुद्धीकरणाच्या अवस्थेत राहतो, जिला पर्गेटरी म्हणतात. शेवटच्या दिवशी देह उठतील आणि सर्वांचा जाहीर न्याय होईल. पर्गेटरीतल्या आत्म्यांना जिवंत माणसांच्या प्रार्थनेने मदत होते, असे ते मानतात. म्हणून सातव्या दिवशी, महिन्याने, वर्षाने मिस्सा होते, आणि २ नोव्हेंबरला कॅथलिक कुटुंबे दफनभूमीत जाऊन कबरी साफ करतात, फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात.

प्रोटेस्टंटांना हे मान्य नाही. मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये जो वाद सुरू केला, तो याच मुद्द्याला चिकटलेल्या माफीपत्रांच्या व्यापारावरून. त्यांच्या मते मेलेला माणूस देवाच्या हाती गेला, आता जिवंतांनी त्याच्यासाठी काही करायचे उरत नाही. प्रार्थना करायची ती मागे राहिलेल्यांसाठी. सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट म्हणतात की मेलेला माणूस त्या दिवसापर्यंत जणू झोपलेला आहे, त्याला काही भान नाही.

हे ऐकताना काही ओळखीचे वाटले का? शबे बरातीला कब्रस्तानात जायचे की नाही, चाळिसावा करायचा की नाही, फातेहा पोचतो की नाही, यावर आपल्या मोहल्ल्यांत काय काय होते ते तुम्हाला माहीत आहे. शेजाऱ्याच्या घरातही तेच भांडण आहे. म्हणून ‘ख्रिस्ती लोक असे मानतात’ असे एका दमात बोलू नका. विचारा, तुम्ही कोणत्या चर्चचे?

आता ‘ख्रिस्तवासी’कडे परत येऊ. पौल एका पत्रात लिहितो की देह सोडून ख्रिस्ताजवळ जाऊन राहावे, अशी त्याची इच्छा आहे. हा झाला ख्रिस्तवासी. पण तो शेवटचा मुक्काम नाही, प्रतीक्षा आहे. इंग्रजीत दफनभूमीला ‘सिमेटरी’ म्हणतात, तो शब्द मूळ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ झोपायची जागा. झोपलेला माणूस सकाळी उठतो, ही कल्पना त्या शब्दातच आहे.

मग पुढचा प्रश्न, जो तुम्ही विचारणारच: आपल्याबद्दल ते काय मानतात? आपण सगळे दोजखात जाणार, असे? काही ख्रिस्ती गट तसे मानतात, आपल्यातही उलट बाजूने तसे बोलणारे आहेत. पण कॅथलिक चर्चची अधिकृत भूमिका वेगळी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयी एक घोषणापत्र काढले. त्यात मुसलमानांबद्दल आदर व्यक्त केला आहे आणि मुसलमानही न्यायाच्या दिवसाची आणि मृतांच्या उठण्याची वाट पाहतात, याची नोंद केली आहे. आपल्याकडे सूरह बकराची ६२ वी आयत आहे. यहुदी, ईसाई, साबी, जो कोणी अल्लाहवर आणि आखिरतच्या दिवसावर ईमान ठेवील आणि नेक काम करील, त्याला भीती नाही, असे ती सांगते. तिच्या तफसीरमध्ये उलेमांचे मतभेद आहेत, ते तुम्ही अभ्यासा. एवढे तरी नक्की की कोण कुठे जाणार याची यादी तुमच्या-माझ्या हातात दिलेली नाही.

आता जमिनीवर येतो. देह उठणार यावर श्रद्धा असलेल्या माणसाला मातीची जागा लागते. ही केवळ धर्मशास्त्राची गोष्ट नाही, नागरिक म्हणून हक्काची गोष्ट आहे.

३० मार्च २०२० आठवा. मुंबई महापालिकेने परिपत्रक काढले की कोविडने मेलेल्या प्रत्येकाचे, धर्म कोणताही असो, दहनच करायचे. काही तासांतच ते बदलावे लागले. मग वांद्र्याच्या कब्रस्तानांत कोविडचे दफन होऊ नये म्हणून काही रहिवासी हायकोर्टात गेले, आणि त्यात कोकणी मुस्लिम जमातीचे कब्रस्तानही होते. २२ मे २०२० रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की मृतदेहापासून संसर्ग पसरतो याला शास्त्रीय आधार दाखवलेला नाही, आणि सन्मानाने दफन होणे हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याच काळात श्रीलंकेने दहनाची सक्ती केली आणि ती फेब्रुवारी २०२१ पर्यंत चालवली. तिथे मुसलमान रडले, तसे ख्रिस्तीही रडले. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने माफी मागितली.

आणि जानेवारी २०२५. छत्तीसगडच्या बस्तरमध्ये एक ख्रिस्ती पाळक वारले. गावात त्यांना पुरू देणार नाही, अशी भूमिका गावातल्या लोकांनी घेतली. मुलगा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. तोवर वडिलांचा देह जवळजवळ तीन आठवडे शवागारात होता. २७ जानेवारीला दोन न्यायाधीशांत मतभेद झाले. एका न्यायाधीशांचे म्हणणे होते की स्वतःच्या खासगी जमिनीत पुरू द्या, दुसऱ्यांचे म्हणणे होते की ठरलेल्या दफनभूमीतच. शेवटी देहाची आणखी परवड नको म्हणून वीस-पंचवीस किलोमीटर दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करायचे ठरले. त्या वेळी आपल्यातल्या किती जणांनी ही बातमी आपली मानली?

जबरदस्ती आणि निवड यांत फरक करायला शिका. कॅथलिक चर्चने १९६३ पासून दहनाला परवानगी दिली आहे. दफन अधिक पसंत, पण दहन केल्याने पुनरुत्थान अडत नाही, असे ते सांगतात. २०१६ मध्ये त्यांनी एवढे स्पष्ट केले की अस्थी उधळू नयेत, पवित्र जागी ठेवाव्यात. आपल्या चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई ३ मे १९७७ रोजी वारले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दहन झाले. अनेकांना ते खटकले, आजही खटकते. पण तो त्यांचा निर्णय होता. माणसाच्या देहाचे काय व्हावे हे त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी ठरवायचे. पालिकेने नाही, गावकीने नाही, आणि जमातीनेही नाही.

आता त्या मुलाच्या पहिल्या दोन प्रश्नांकडे येतो. मित्राच्या वडिलांच्या मय्यतीला जायचे का? जा. एका यहुद्याचा जनाजा चालला होता, तेव्हा प्रेषित (स.) उभे राहिले. सहाबींनी सांगितले की तो तर यहुदी आहे. प्रेषितांनी विचारले, तो जीव नव्हता का? बुखारी आणि मुस्लिम, दोन्हींत ही हदीस आहे. प्रार्थनेत कुठवर सामील व्हायचे हे तुमच्या आलिमांना विचारा, पण घरी जायला, शवपेटीला खांदा द्यायला, कबरीपाशी अदबीने उभे राहायला कोणाची हरकत नसावी.

मी माझ्या एका सहकारी शिक्षकांच्या दफनाला गेलो आहे. फादरांची प्रार्थना संपली आणि प्रत्येकाने मूठभर माती कबरीत टाकली. आपण तीन मुठी टाकतो आणि म्हणतो की याच मातीतून तुम्हाला बनवले, तिच्यातच परत नेऊ आणि तिच्यातूनच पुन्हा काढू. मी माती टाकली. माझे शब्द मी मनात म्हटले, त्यांनी त्यांचे म्हटले.

काय बोलायचे? मोठी वाक्ये नकोत. “काका फार चांगले होते, तुम्हाला देव सबर देवो,” एवढे पुरे. तिथे क्रूसाचा वाद काढायचा नाही. “तुमच्यात पुनर्जन्म असतो ना?” असेही विचारायचे नाही. तो नसतो, हे आता तुम्हाला माहीत आहे. नंतर कधी मित्र स्वतः बोलायला लागला तर ऐका, आणि त्याने विचारले तर आपली आखिरत त्याला सांगा. स्पष्ट सांगा, फरकांसकट सांगा.

सूरह माइदाच्या ४८ व्या आयतीत अल्लाह सांगतो की त्याने मनात आणले असते तर सर्वांना एकच उम्मत केले असते. नेकीत एकमेकांच्या पुढे जा, आणि ज्यात तुमचा मतभेद होता ते तो तुम्हाला सांगेल. कधी? सगळे त्याच्याकडे परतल्यावर. ईसांचे नेमके काय झाले, याचा निकालही त्या दिवशीच लागणार आहे. त्या दिवसाची वाट आपणही पाहतो आणि तेही पाहतात. तोवर आपल्या गावात त्यांच्या दफनभूमीची भिंत पडली असेल, रस्ता अडवला असेल, जागेचा अर्ज कुठे पडून असेल, तर ग्रामसभेत त्यांच्या बाजूने उभे राहायला आपण मोकळे आहोत.

वस्सलाम.